राहीच्या हातातली सुतळी

ऐका. दौल्या, तू बी ऐक. गाडीची किक मारायची घाई करू नको, बस खाली. बायकोला बाजारगावातनं आणायची ना तुला? मग डांबरीनं जा, लांब पडलं तरी चालंल. ओढ्याच्या वाटेनं जायचं नाही. का म्हणून विचारतोस? अरे तेच सांगायला लागलोय. त्या शेकोटीत दोन तुरकाट्या सार, आणि तो मोबाईलचा उजेड बंद कर आधी, डोळ्यावर येतोय माझ्या.

हां. तर ही हरबाची गोष्ट. वरच्या आळीचा हरबा. तुमच्यातल्या मोठ्यांनी त्याला म्हातारपणी बघितलाय. मारुतीच्या देवळामागं एकटा बसायचा, कुणाशी बोलायचा नाही. तुम्ही पोरं त्याला खडे मारायचा, मला ठाऊक आहे सगळं. पण मी सांगतोय तो तरणा हरबा. मिशी फुटलेला, पायात बळ असलेला, आणि डोक्यानं लई उचापती.

त्या काळात आपल्या वाडीला रस्ता नव्हता. जीप नाही, ट्रॅक्टर नाही, काही नाही. बैलगाडी होती चार घरांत. बाकीच्यांनी काय करायचं? दळण डोक्यावर, दुधाची किटली डोक्यावर, आजारी म्हातारी पाठीवर. हरबाकडं एक जुनी सायकल होती. त्यानं काय केलं, भंगारातनं सायकलीचीच दोन चाकं आणली, बाजारगावातल्या वेल्डिंगवाल्याकडनं लोखंडी अँगलची चौकट करून घेतली, आणि तिच्यावर काथ्यानं बाज विणली. बाजंसारखी बाज, पण चाकावरची. तिला पुढं एक लांब दांडा, तो दांडा सायकलीच्या सीटखाली अडकवायचा आणि वरनं खिळा घालायचा. खिळा काढला की सायकल मोकळी.

पहिल्या दिवशी अख्खी वाडी हसली. म्हणली, हरबाच्या सायकलीला शेपूट फुटलं. तेच नाव पडलं. शेपटी! पण आठ दिवसांत हसणं बंद. ज्याला बघावं तो हरबाच्या दारात. हरबा, आमचं पोतं टाक शेपटीत. हरबा, शेळी न्यायची बाजारला. हरबा, आत्याच्या पायाला लागलंय, दवाखान्यात सोड. आणि हरबा सोडायचा. बैल लागत नाही, वैरण लागत नाही, दोन पाय लागतात फक्त. अहो, वाडीचं नशीब बदललं त्या शेपटीनं. खोटं नाही सांगत.

आता एक नीट ध्यानात घ्या, सगळी गोष्ट त्यावर आहे. शेपटीत माणूस निजवायचा तर त्याचं डोकं सायकलीकडं आणि पाय मागं. म्हणजे धक्का कमी बसतो. पण त्यामुळं काय व्हायचं, निजलेल्याला मागची वाट दिसायची आणि सायकलवाल्याला पुढची. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. आणि शेपटी खडखडायची तर इतकी, की मोठ्यानं ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे. म्हणून हरबानं सुतळी बांधली. एक टोक त्याच्या दंडाला, दुसरं निजलेल्याच्या हातात. एकदा ओढली की हळू चालव. दोनदा ओढली की थांब. वाडीतल्या लहान पोराला बी ठाऊक होतं ते. हरबाला तर इतकी सवय, की सुतळी दोनदा हलली की त्याचा पाय आपोआप जागच्या जागी थांबायचा, विचार करावा लागत नसे.

त्याची धाकटी बहीण राही. एकुलती एक. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आलेली. हरबाचा जीव तिच्यावर. बाप लहानपणीच गेलेला, हरबानंच तिला खांद्यावर घेऊन वाढवलेली. सासरचे सोडायला आले तेव्हा हरबा त्यांना म्हणला होता, दोन जीव घेऊन आलीय, दोन जीव परत पाठवीन. हे वाक्य त्यानं चारचौघांत म्हणलं. मी होतो तिथं.

मार्गशीर्षातली रात्र. थंडी अशी की दात वाजावेत. राहीला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. भागू सुईण आली. तिनं पोटावरनं हात फिरवला, परत फिरवला, आणि हरबाच्या आईला बाहेर बोलावून सांगितलं, पोर आडवं आहे, माझ्या हातचं काम नाही. दवाखान्यात न्या, आत्ता न्या, उजाडायची वाट बघू नका.

बैलगाड्या? सगळ्या ऊसतोडीला गेलेल्या, कारखान्यावर. गावात एक बी नाही. राहिली शेपटी.

आता वाटा दोन. एक खिंडीतनं, लांबची, दगडधोंड्याची. तिनं गेलं तर उजाडणार, आणि भागू म्हणतेय तेवढा वेळ नाही. दुसरी बाभळीच्या बनातनं, ओढ्यातनं. अर्धी वाट. पण त्या वाटेनं दिवस मावळल्यावर कुणी जात नसे. का? झोळीवालीमुळं.

हसू नका रे. ऐका.

लई जुनी गोष्ट ती, माझ्या आजानं सांगितलेली. कुणाची तरी सून अडली होती. तिला झोळीत घातलं, झोळी वाशाला बांधली, आणि नवरा पुढं, दीर मागं, असे खांद्यावर घेऊन निघाले. ओढ्यात आले आणि त्यांना कायतरी दिसलं. काय दिसलं कुणास ठाऊक. कोल्हा असंल, नाहीतर त्यांचीच सावली. भ्याले दोघं. झोळी वाळूत टाकली आणि पळाले. बाई रात्रभर हाका मारत होती. वाडीपर्यंत ऐकू येत होत्या म्हणतात, पण कुणी उठलं नाही. सकाळी बघितलं तर झोळी होती, बाई नव्हती. तेव्हापासनं ती त्या ओढ्यात असते. आणि मागनं हाक मारते. ज्यानं ओ दिली, ज्यानं मागं बघितलं, तो गेला.

हरबाची आई नको नको म्हणत होती. हरबा म्हणला, आई, खिंडीनं नेली तर ही वाटेतच जाईल. मग आईनं काय करावं? तिनं गोधडी घातली शेपटीत, राहीला निजवली, आणि हरबाला बजावलं, मागनं कुणी बी हाक मारू दे, माझ्या आवाजात मारू दे, तुझ्या मेलेल्या बापाच्या आवाजात मारू दे, ओ द्यायची नाही. मागं वळून बघायचं नाही.

हरबानं तिथंच एक शहाणपणा केला. शहाणपणाच म्हणायचा, कारण आपल्यातल्या कुणालाबी तोच सुचला असता. तो राहीच्या कानाशी वाकला आणि म्हणला, "राही, बनात शिरल्यावर तू तोंड उघडायचं न्हाई. बोललीस तर तू बोलतीस का ती, मला कसं कळंल? काय लागलं तर सुतळी ओढ. सुतळी ओढली की मी समजंन तूच."

राहीनं मान हलवली. कळ दाबून धरलेली, ओठ चावलेला. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. त्या हाताला सुतळीचा वेढा दिला आणि निघाला हरबा.

सायकलीला डायनॅमो होता. चाक फिरलं की दिवा लागतो, जोरात फिरलं की जोरात लागतो, थांबलं की गुडूप. चांगला लख्ख उजेड पडला होता. माळ ओलांडला. मध्येच सुतळी एकदा हलली, हरबानं सायकल हळू केली. कळ आली असंल. परत वेग घेतला. सगळं ठीक चाललेलं.

बाभळीच्या बनात शिरला आणि शेपटी जड झाली.

एकदम नाही. कसं सांगू, कुणीतरी चालत्या बैलगाडीत मागनं अलगद चढून बसतं ना, तसं. हरबाच्या पायाला कळलं. ओझं ओढणाऱ्या माणसाच्या पायाला सगळं कळतं बघा, पोतं आहे का माणूस आहे, निजलाय का बसलाय. त्याला वाटलं वाळू लागली असंल चाकाखाली. खाली बघितलं तर वाळू नाही, कडक वाट. दिवा मंदावला. त्यानं दात खाऊन पायडल मारलं. आणि सुतळी हलली. एकदा. हळूच.

हरबाच्या जिवात जीव आला. राही आहे. सुतळी तिच्या हातात आहे. मग काळजी काय?

आणि मागनं आवाज आला. "दादा, सुतळी सुटली रे माझ्या हातातनं."

राहीचाच आवाज! तसाच बारीक, तसाच दमलेला. हरबाच्या अंगावर काटा आला. तोंडातनं ओ यायचीच बाकी होती. तेवढ्यात दंडाला सुतळी हलली, हळू, एकदा. घ्या आता! तोंड म्हणतंय सुतळी सुटली, आणि सुतळी तर ओढली जातेय. म्हणजे खोटं कोण बोलतंय? आली म्हणला हरबा मनात, झोळीवाली आली. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि मारुतीचं नाव घ्यायला लागला.

आवाज थांबतोय का? नाही. दादा, हळू. दादा, थांब. दादा, माझ्याकडं बघ. मग रडायला लागली. हरबा मनात म्हणला, रड. मग ओळखीचं बोलायला लागली. लहानपणी ह्यानं तिला जत्रेत हरवली होती, आणि सापडल्यावर आईला सांगू नको म्हणून शेवचिवडा दिला होता. ते कुणालाच ठाऊक नव्हतं, ह्या दोघांशिवाय. ते सांगितलं तिनं मागनं. "जत्रेत तू मला शोधत आलास ना दादा, तसा आता एकदा मागं बघ." हरबाच्या डोळ्यांतनं पाणी चाललेलं. पण मान? मान ताठ! भुताला सगळं ठाऊक असतं, त्यानं स्वतःलाच समजावलं. आणि प्रत्येक वेळी, तो डगमगला की प्रत्येक वेळी, दंडाला ती सुतळी हळूच हलायची. मायेनं. जशी काय म्हणतेय, मी आहे दादा, चल तू, तिचं ऐकू नको.

ऐकताय ना? झोपला नाही ना कुणी?

मग तो आवाज जे बोलला ते हरबाला मरेपर्यंत विसरता आलं नाही. रडणं थांबलं एकदम. अगदी बारीक, कुजबुजल्यासारखं, "दादा, माझ्या पायथ्याशी कुणीतरी बसलंय रे."

हरबाला घाम फुटला त्या थंडीत. शेपटी जड होती. बसल्यासारखीच जड होती. पण सुतळी परत हलली आणि त्यानं पायडल मारलं.

असा तो ओढ्यात उतरला. पाणी नव्हतं फारसं, वाळू होती. चाकं रुतली. सायकलीवरनं उतरून हातानं ओढावं लागणार. उतरला. चाक थांबलं, दिवा विझला, मिट्ट काळोख. पुढं तोंड करून, दोन्ही हातांनी हँडल धरून तो ओढतोय, ओढतोय, वाळूत गुडघे टेकतोय, आणि मागनं राहीची किंकाळी. एक नाही, एकामागनं एक. अडलेल्या बाईची किंकाळी ऐकलीय का तुम्ही? नाही ऐकली तेच बरं.

आणि सुतळी ओढली गेली. दोनदा.

दोनदा म्हणजे थांब. हरबा थांबला. सवयच होती ना त्याला. उभा राहिला जागच्या जागी, धापा टाकत.

आता सुतळी ढिली पडत नाही. ताणलेलीच राहिली. त्याचा दंड मागं ओढला जातोय, हळूहळू. आणि सुतळीवरनं कायतरी पुढं सरकायला लागलं. हात. विहिरीतनं पोहरा काढताना आपण दोरावरनं हातावर हात टाकतो, तसं कुणीतरी सुतळीवरनं हातावर हात टाकत त्याच्याकडं येत होतं. ओली बोटं त्याच्या दंडाला लागली. गार. त्या बोटांनी त्याचा दंड चाचपला, वरनं खाली, मनगटापर्यंत, आणि मग त्या हातानं त्याचा हात धरला.

बांगडीचा आवाज नाही. एक बी बांगडी नाही त्या हातात. आणि राहीचा तर कोपरापर्यंत चुडा.

म्हणजे सुतळी राहीच्या हातात नव्हतीच. बनापासनं नव्हती. कळलं का? सुतळी झोळीवालीच्या हातात होती. मग रडत होती ती कोण? सुतळी सुटली म्हणत होती ती कोण? जत्रेतलं सांगत होती ती कोण?

हरबाला हे सगळं कळलं का त्या वेळी? मी त्याला विचारलं होतं एकदा. लई वर्षांनी. तो म्हणला, कळलं. एका श्वासात कळलं. पण दुसरा हात तेवढ्यात सीटखाली गेला होता.

खिळा काढायला डोळे लागत नव्हते त्याला. रोजचं काम. खिळा उपसला, दांडा वाळूत धप्पकन पडला, सायकल मोकळी झाली. त्यानं दंडाला हिसका दिला. सुतळी तुटली नाही हां, ध्यानात घ्या. सुतळी सोडली तिनं. तिचं काम झालं होतं. सायकल खांद्यावर मारून हरबा वाळूतनं वर चढला, टांग टाकली आणि सुटला. मागं ओझं नाही, सायकल हलकी, डायनॅमो भर्रकन फिरतोय, दिवा कधी नव्हता इतका लख्ख पडलाय. पुढची वाट दिवसासारखी दिसतेय. आणि मागनं, ओढ्यातनं, राहीचा आवाज, "दादा, मला ठेवून जाऊ नको रे."

तो गेला.

दवाखान्याच्या दारावर डोकं आपटलं त्यानं. नर्सबाई उठल्या, विचारलं, पेशंट कुठंय? हा ओढ्यात आहे एवढंच म्हणला. बाई बिचाऱ्या पिशवी घेऊन निघाल्या होत्या, पण बाजारगावातला एक बी गडी त्यांच्याबरोबर यायला उठंना. ओढ्याचं नाव ऐकलं की माणसं परत गोधडीत शिरायची. एकट्या बाईला त्या काळोखात वाट ठाऊक नाही. मग काय, उजाडायची वाट बघितली. हरबा तर दवाखान्याच्या पायरीवरनं उठायलाच तयार नव्हता, दंड धरून बसून होता.

इकडं वाडीत आईला झोप कशी येणार? तांबडं फुटायच्या आत तिनं मला आणि दोघातिघांना उठवलं. म्हणली, माझं मन थाऱ्यावर नाही, चला माझ्याबरोबर. आम्ही ह्या बाजूनं ओढ्यात उतरलो आणि त्या बाजूनं नर्सबाई आणि हरबा. एकाच वेळी. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ते सांगतो, कुणाचं ऐकून नाही.

शेपटी वाळूत उभी होती. सायकलीवरनं सुटली की शेपटी दांड्यावर टेकते, पुढं कलते. टेकायलाच पाहिजे, दोन चाकांची ती, तिसरा आधार कुठंय? पण दांडा वर होता. वर, सरळ, सायकलीला जोडल्यासारखा. खाली काही नाही. दगड नाही, काटकी नाही. आम्ही सगळे जागच्या जागी खिळलो. आईच तेवढी धावली. तिनं राहीच्या कपाळाला हात लावला आणि तो दांडा एकदम खाली पडला. कुणीतरी हात काढून घ्यावा तसा.

राही जिवंत होती. डोळे उघडे, मागच्या वाटेकडं लागलेले. पोर झालेलं होतं. पायथ्याशी ठेवलेलं, एका जुन्या विटक्या कापडात नीट गुंडाळलेलं. ते कापड हरबाच्या घरचं नव्हतं. हातात धरलं तर त्याची भुकटी व्हायला लागली. मुलगी होती. गार पडलेली.

दवाखान्यात न्यायची तर परत शेपटीतनंच. दुसरं होतं काय? हरबा सायकल घेऊन पुढं आला तशी राहीनं आईचा हात दाबला. आईला कळलं. आईनं हरबाला बाजूला सारलं आणि आम्ही गड्यांनी दांडा धरून ओढत नेली.

तिथं तिनं नर्सबाईंना आणि आईला सांगितलं. बनात शिरल्याबरोबर एक बाई वाटेच्या कडंनं चालायला लागली, ओल्या केसांची. चालता चालता जवळ आली. तोंडावर बोट ठेवून हसली. आणि लहान पोराच्या हातातनं खेळणं काढून घ्यावं तशी तिनं राहीच्या हातातनं सुतळी काढून घेतली आणि पायथ्याशी चढून बसली. राहीनं हाक मारली की ती सुतळी हळूच ओढायची आणि हसायची. हाक मारली की ओढायची. हसायची. हरबा पळाला तेव्हा तिनं दांडा उचलून धरला, राही कलंडू नये म्हणून. आणि रात्रभर तिथंच बसली. पोर आलं ते आधी तिनं उचललं. पोर रडलंच नाही. मधनं मधनं ती एकच विचारायची. तेवढंच, दुसरं काही नाही. "तुझाबी गेला का गं?"

राही वाचली. सासरी गेली, आणि परत माहेरी आली नाही. आईच जायची तिला भेटायला. हरबा कसा जाणार? त्यानं चारचौघांत काय म्हणलं होतं ते सांगितलंय तुम्हाला. शेपटी त्यानं परड्यात उलटी टाकली, वाडीतलं कुणी मागायला गेलं नाही.

पुढच्या दिवाळीला आई म्हणली, भाऊबीजेला जा. पाया पड तिच्या. हरबा एकटा जायला तयार नव्हता, मला बरोबर घेतलं. गेलो. राही बाहेर आली, पाणी दिलं, पाट मांडला. ओवाळलं सुद्धा. मला बरं वाटलं. म्हणलं, चला, मिटलं. हरबाची मान खाली ती खालीच. ओवाळून झालं, आणि ताट हातात तसंच धरून तिनं विचारलं, "दादा, त्या रात्री मी हाका मारत हुते, त्या तुला ऐकू येत हुत्या का?"

मी शेजारीच बसलेलो. मनात म्हणतोय, नाही म्हण. अरे बाबा, नाही म्हण. पण वर्षभर झोप नव्हती त्या माणसाला. त्याला वाटलं खरं बोलून छातीवरचं ओझं उतरंल. म्हणला, "येत हुत्या राही. सगळ्या येत हुत्या."

राही म्हणली, "शेपटीच्या खडखडाटात तुला ऐकू येत न्हाई असं वाटलं मला. रातभर मी तेच म्हनत हुते. ती विचारायची, तुझाबी गेला का? आणि मी म्हनायचे, न्हाई गं बाई, माझ्या दादाला ऐकू आलं न्हाई. ऐकू आलं असतं तर तो थांबला असता."

ताट खाली ठेवलं आणि ती आत गेली. बाहेर आली नाही परत. आम्ही तसेच उठून निघालो.

त्यानंतर महिनाभरात तिच्या सासूचा निरोप आला. राही जेवत नाही, रात्री उठून बसते, अंथरुणाच्या पायथ्याकडं बघते आणि कुणाशी तरी बोलते. काय बोलते? "व्हय गं बाई. माझाबी गेला." तेवढंच. एका सकाळी अंथरूण रिकामं होतं. ओढ्यात नाही सापडली, विहिरीत नाही सापडली, कुठंच नाही. हरबा वाचला. चांगला म्हातारा होऊन मेला.

तर त्या वाटेनं जायचं नाही. एकट्यानं नाही, आणि कुणाला मागं बसवून तर मुळीच नाही. परवाच धनगराचा म्हातारा सांगत होता, अलीकडं ओढ्यात दोन बायकांचं बोलणं ऐकू येतं. एक विचारते आणि दुसरी सांगते. दौल्या, तुझी बायको सहा महिन्यांची पोटुशी आहे ना? मग आज राहू दे तिला भावाकडं. सकाळी उजेडात जा आणि डांबरीनं घेऊन ये.